वैद्यकीय चित्रण-तंत्रज्ञ, माजी सैनिक रुग्णालयांतील

क्ष-किरण किंवा श्राव्यातीत ध्वनी (माणसाला ऐकू येणाऱ्या मर्यादेपलीकडील, म्हणजे दर सेकंदास २०,००० पेक्षा अधिक कंपने असणारा ध्वनी) यांच्या साहाय्याने शरीराच्या अंतर्भागाची चित्रे घेणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीस वैद्यकीय चित्रण-तंत्रज्ञ म्हणतात. चित्र घेणे हे तंत्रज्ञाचे आणि त्याचा अर्थ लावून निदान करणे हे प्रारणतज्ञ वैद्याचे काम, अशी या क्षेत्रातील विभागणी आहे. तंत्रज्ञाचा वाटा त्यामुळे निव्वळ यांत्रिक असल्याचा समज होतो. पण तो बरोबर नाही. जे चित्रात उतरलेच नाही ते वैद्याला दिसू शकत नाही आणि काय उतरावे हे पुष्कळ अंशी तंत्रज्ञाच्या हातावर व नजरेवर अवलंबून असते. माजी सैनिकांच्या रुग्णालयांत ही गोष्ट विशेष जाणवते. तेथील रुग्ण बहुधा वयस्क असतो, त्याच्या शरीरात युद्धातील धातूचे तुकडे किंवा शस्त्रक्रियेत बसविलेल्या पट्ट्या व खिळे असू शकतात, एखादा अवयव नसतो, त्याला कमी ऐकू येते आणि पुष्कळदा त्याची आजची व्याधी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या सेवेशी जोडलेली असते. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील रुग्णालयांचा विचार केला आहे. कारण माजी सैनिकांसाठी स्वतंत्र व देशव्यापी रुग्णालय-व्यवस्था तेथे दीर्घकाळ अस्तित्वात आहे.

पूर्वपीठिका : व्हिल्हेल्म कोनराट राँटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्ट्‌सबर्ग येथे क्ष-किरणांचा शोध लावला [⟶ क्ष-किरण]. शोधानंतर दोन वर्षांच्या आत हे किरण रणभूमीवर पोहोचले. १८९७-९८ मध्ये हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरील तिराह मोहिमेत वॉल्टर बीव्हर या ब्रिटिश लष्करी शल्यचिकित्सकांनी क्ष-किरण यंत्र नेले व त्यायोगे जखमींच्या शरीरातील गोळ्यांचे स्थान शोधले. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धात अमेरिकी सैन्याच्या वैद्यकीय विभागाने रुग्णालयांत व रुग्णालय-जहाजांवर अशी यंत्रे वापरली आणि त्या अनुभवाचा सचित्र अहवाल १९०० मध्ये प्रसिद्ध केला. जखमेत सळई घालून गोळी चाचपण्याची जुनी रीत त्यामुळे मागे पडू लागली. जखम दूषित होण्याचे ते एक मोठे कारण होते.

या अहवालातील चित्रांपैकी काही चित्रे एलिझाबेथ फ्लाइशमन या स्त्रीने घेतलेली होती. पूर्वी हिशेबनिशीचे काम करणाऱ्या फ्लाइशमन यांनी सॅन फ्रॅन्सिस्को येथे क्ष-किरण प्रयोगशाळा काढली आणि फिलिपीन्समधून परतलेल्या जखमी सैनिकांची चित्रे घेतली. त्या वैद्य नव्हत्या. आजच्या अर्थाने चित्रण-तंत्रज्ञ म्हणता येईल अशा आरंभीच्या व्यक्तींत त्यांची गणना करावी लागेल. किरणांपासून बचावाची साधने त्या काळी वापरात नव्हती. सततच्या प्रारणामुळे त्यांच्या हातास व्रण होऊन कर्करोग झाला, हात कापावा लागला आणि १९०५ मध्ये त्यांचे निधन झाले. टॉमस एडिसन यांचे साहाय्यक क्लॅरेन्स डॅली हे आदल्याच वर्षी अशाच रीतीने मृत्यू पावले होते. तंत्रज्ञाने यंत्रापासून दूर, शिशाच्या आडोशामागे उभे राहावे हा नियम अशा बळींनंतर रूढ झाला. पहिल्या महायुद्धात मारी क्यूरी यांनी फ्रान्समध्ये क्ष-किरण यंत्रे बसविलेल्या मोटारगाड्या आघाडीवर नेल्या व ती चालविण्यासाठी सुमारे १५० स्त्रियांना शिक्षण दिले. अमेरिकेत तंत्रज्ञांची पहिली व्यावसायिक संघटना १९२० मध्ये शिकागो येथे स्थापन झाली आणि १९२२ मध्ये त्यांची परीक्षा घेऊन नोंदणी करण्याची पद्धत सुरू झाली. नोंदणीपुस्तकातील पहिले नाव मेरी बीॲट्रिस मेरिगन या ख्रिस्ती धर्मभगिनीचे आहे.

श्राव्यातीत चित्रणाचाही उगम बराचसा युद्धविद्येत आहे. पहिल्या महायुद्धात पाण्याखालील पाणबुड्यांचा शोध घेण्यासाठी पॉल लांझ्व्हँ यांनी दाबविद्युत् स्फटिकांपासून श्राव्यातीत स्पंद निर्माण केले [⟶ श्राव्यातीत ध्वनिकी]. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी नौदलाच्या वैद्यकीय संशोधन संस्थेत जॉर्ज लुडविग यांनी या ध्वनीने पित्ताश्मरी (पित्ताशयातील खडे) शोधण्याचे प्रयोग केले. या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे प्रयोग डेन्व्हर येथे झाले. तेथील माजी सैनिक रुग्णालयातील संशोधन प्रयोगशाळांचे प्रमुख जोसेफ होम्स यांनी १९५१ पासून डग्लस हाउरी यांच्या कार्यास पाठबळ दिले. त्यांच्या एका यंत्रात रुग्णास पाण्याच्या टाकीत बसवीत व ध्वनिस्पंद सोडणारा शोधक त्याच्याभोवती फिरवीत. शोधक फिरविण्यासाठी बी-२९ या बाँबफेकी विमानाच्या तोफघुमटाचे दातेरी कडे वापरले होते. रुग्णास पाण्यात बुडविणे आजाऱ्यांच्या बाबतीत अर्थातच गैरसोयीचे होते. पुढे शोधक त्वचेवरच टेकवून तेल किंवा लेप लावण्याची पद्धत आली. ग्लासगो येथील इअन डॉनल्ड यांचा १९५८ मधील निबंध या पद्धतीच्या प्रसारास विशेष कारणीभूत झाला. डॉनल्ड हेही दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैद्यकीय अधिकारी होते. श्राव्यातीत चित्रण करणाऱ्या अमेरिकी तंत्रज्ञांची स्वतंत्र नोंदणी १९७५ पासून होऊ लागली.

रुग्णालय-व्यवस्था : यादवी युद्धाच्या अखेरीस, मार्च १८६५ मध्ये, अब्राहम लिंकन यांनी अपंग स्वयंसैनिकांसाठी राष्ट्रीय निवासगृहे काढण्याच्या कायद्यावर सही केली. त्यांपैकी पहिले १८६६ मध्ये मेन राज्यात टोगस येथे सुरू झाले. विखुरलेल्या यंत्रणा एकत्र करून १९३० मध्ये माजी सैनिक प्रशासन स्थापण्यात आले व १९८९ मध्ये त्यास मंत्रिमंडळीय खात्याचा दर्जा मिळाला. दुसऱ्या महायुद्धानंतर जनरल ओमर ब्रॅडली प्रशासनाचे प्रमुख असताना, १९४६ मध्ये, ही रुग्णालये वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडण्याचे धोरण स्वीकारले गेले. त्यामुळे ती केवळ आश्रयस्थाने न राहता अध्यापन व संशोधनाची केंद्रे बनली. अशी सुमारे १७० रुग्णालये असून या व्यवस्थेत नोंद असलेल्या माजी सैनिकांची संख्या सुमारे ९० लाख आहे. बॉल्टिमोर येथील माजी सैनिक रुग्णालयाने १९९३ मध्ये क्ष-किरण विभागातून फिल्म जवळजवळ पूर्णपणे काढून टाकली आणि चित्रे संगणकावर साठविण्यास प्रारंभ केला. अशा रीतीने चालणारा तो आरंभीचा विभाग होय. याचा लाभ तंत्रज्ञांइतकाच रुग्णांना झाला. गावोगाव बदलून जाणाऱ्या माजी सैनिकाची जुनी फिल्म गहाळ होणे ही पूर्वी नित्याची गोष्ट होती. आणि फुप्फुसातील एखादी गाठ नवी की वीस वर्षांची, हे जुन्या चित्राशी तुलना केल्यावाचून सांगता येत नाही.

क्ष-किरण चित्रण : क्ष-किरण नलिकेत तापलेल्या तंतूपासून निघालेले इलेक्ट्रॉन उच्च विद्युत् दाबाखाली टंगस्टनाच्या लक्ष्यावर आदळले म्हणजे क्ष-किरण निर्माण होतात. शरीरातून ते पार होताना हाडे व धातू त्यांचे अधिक शोषण करतात, तर फुप्फुसातील हवा फारच कमी करते. मागील बाजूच्या पट्टावर उमटलेली ही छाया म्हणजेच चित्र होय. विद्युत् दाब, प्रवाह, काळ, नलिकेचे अंतर, किरणशलाकेची रुंदी व रुग्णाची स्थिती या गोष्टी तंत्रज्ञ ठरवितो. यांपैकी पहिल्या तिन्ही गोष्टी आधुनिक यंत्रे बऱ्याच अंशी आपोआप ठरवितात. शेवटची मात्र कोणतेही यंत्र ठरवू शकत नाही.

छातीच्या चित्राचे उदाहरण घेता येईल. रुग्णास पट्टाकडे तोंड करून उभे करतात, नलिका पाठीमागे सुमारे १८० सेंमी. अंतरावर ठेवतात व पूर्ण श्वास घेऊन रोखण्यास सांगतात. या स्थितीत हृदय पट्टाजवळ असल्याने त्याची छाया फारशी मोठी होत नाही. दोन्ही पाय गमावलेला किंवा चाकाच्या खुर्चीतील रुग्ण असा उभा राहू शकत नाही. त्याचे चित्र बसवून, समोरून किरण सोडून घ्यावे लागते आणि मग हृदय प्रत्यक्षापेक्षा मोठे दिसते. चित्र कोणत्या स्थितीत घेतले याची नोंद तंत्रज्ञाने केली नाही, तर निरोगी हृदयास विकारी ठरविले जाण्याचा संभव असतो. श्वासाच्या बाबतीतही अडचण येते. तोफा, विमाने व इंजिने यांच्या सान्निध्यात काढलेल्या वर्षांमुळे कानातील गुणगुण व बहिरेपणा हे अमेरिकी माजी सैनिकांतील सेवाजन्य विकारांत सर्वाधिक आढळतात. आडोशामागून दिलेली ‘श्वास रोखा’ ही आज्ञा अशा रुग्णास ऐकूच जात नाही. अनुभवी तंत्रज्ञ त्याला आधी समोर उभे राहून हाताची खूण ठरवून देतो. नाहीतर अर्धवट श्वासात घेतलेल्या चित्रात फुप्फुसाचा तळ धूसर दिसतो व नसलेल्या न्यूमोनियाची शंका येते.

डावी-उजवी बाजू दाखविणारे शिशाचे अक्षर चित्राच्या चौकटीत ठेवणे हा तंत्रज्ञाच्या शिक्षणातील पहिल्या धड्यांपैकी एक होय. संगणकावर ते नंतरही घालता येते. परंतु चित्र घेतानाच ठेवलेले अक्षर अधिक विश्वसनीय समजतात. एक पाय कृत्रिम व दुसरा जखमी असलेल्या रुग्णाच्या बाबतीत याचे महत्त्व सांगावयास नको.

शरीरात अडकलेल्या धातूच्या तुकड्याचे स्थान एका चित्रावरून कळत नाही. चित्र सपाट असते. तुकडा त्वचेलगत आहे की हाडामागे, हे त्यातून सांगता येत नाही. त्यामुळे परस्परांशी काटकोन करणाऱ्या दोन दिशांनी चित्रे घेतात. नलिका ठराविक अंतर सरकवून घेतलेल्या दोन छायांवरून खोली मोजण्याची रीत जेम्स मॅकेंझी डेव्हिडसन यांनी १८९८ च्या सुमारास काढली होती. क्ष-किरण संगणकीय छेदचित्रणामुळे तिचा उपयोग संपला असला, तरी दोन दिशांचा नियम कायम आहे. लाकूड, कापड व पुष्कळशी प्लॅस्टिके क्ष-किरणांत दिसत नाहीत. त्वचेलगत असल्यास ती श्राव्यातीत चित्रणात सापडू शकतात. जे तुकडे काढणे अधिक धोक्याचे असते ते शरीरातच राहू देण्याचा प्रघात जुना आहे. मात्र ते तुकडे कशाचे आहेत हा प्रश्न अलीकडे महत्त्वाचा ठरला आहे. १९९१ च्या आखाती युद्धात स्वपक्षाच्याच माऱ्यात सापडून ज्यांच्या अंगात क्षीणित युरेनियमाचे कण राहिले, अशा सैनिकांची तपासणी बॉल्टिमोर येथे १९९३ पासून वेळोवेळी होत आली असून इतर धातूंच्या तुकड्यांसाठी तेथेच २००८ मध्ये वेगळे केंद्र काढण्यात आले. चुंबकीय अनुस्पंदन चित्रणाच्या प्रबळ चुंबकीय क्षेत्रात लोखंडी कण हलू शकतो. म्हणून ज्याच्या डोळ्यात पूर्वी धातूचा कण गेला असण्याची शंका आहे, अशा रुग्णाच्या नेत्रकोटरांचे क्ष-किरण चित्र आधी घेतात. हे साधे चित्र घाईने घेतल्यास दृष्टी गमावण्याची वेळ येऊ शकते.

मेरुरज्जूला इजा झालेल्या रुग्णास इजेच्या खालील भागात वेदना जाणवत नाही आणि तेथील हाडे काही वर्षांत ठिसूळ होतात. खुर्चीवरून चित्रणाच्या मेजावर उचलून ठेवताना त्याचे मांडीचे हाड मोडले तरी त्याला कळणार नाही. अशा रुग्णास कोणी, किती जणांनी व कशाच्या साहाय्याने उचलावे याचे नियम असतात. ज्या वेदनेने एरवी इशारा मिळतो तिची जागा येथे तंत्रज्ञाच्या सावधपणाने घ्यावी लागते. स्फोटात अवयव गमावलेल्यांच्या थोट्या भागात, स्नायूंमध्ये, नवे हाड वाढण्याचा प्रकार वारंवार आढळतो. कृत्रिम अवयव बसत का नाही याचे कारण पुष्कळदा या चित्रातच मिळते.

माजी सैनिक रुग्णालयातील क्ष-किरण चित्राला उपचाराशिवाय आणखी एक बाजू आहे. सेवाजन्य अपंगत्वाबद्दलचा भत्ता मिळण्यासाठी जी तपासणी होते तीत हे चित्र पुरावा म्हणून येते. सांध्याच्या झिजेच्या बाबतीत तर ती क्ष-किरण चित्राने सिद्ध झालेली असावी, असे अपंगत्व-मापनाच्या नियमांतच म्हटले आहे. गुडघ्याचे चित्र रुग्णास उभे करून, सांध्यावर भार असताना घेतले म्हणजे कूर्चा झिजल्याने कमी झालेले अंतर दिसते. तेच आडवे निजवून घेतल्यास सांधा पुष्कळसा निरोगी भासतो. जो पायदळातील सैनिक वर्षानुवर्षे पाठीवर ओझे घेऊन चालला त्याच्या दाव्याचा निकाल अशा रीतीने क्वचित चित्र घेण्याच्या पद्धतीवरही अवलंबून राहतो. तंत्रज्ञाने येथे रुग्णाची बाजू घ्यावयाची नसते व खात्याचीही नाही. जे आहे ते नीट दिसेल अशी स्थिती साधणे एवढेच त्याचे काम असते.

नौदलाच्या जुन्या जहाजांत बाष्पनळ व इंजिनघरे यांना ॲस्बेस्टसचे वेष्टन असे. त्याचे तंतू श्वासावाटे गेलेल्या नाविकांच्या फुप्फुसावरणावर वीस ते चाळीस वर्षांनी कठीण पट्टे दिसू लागतात. इराक व अफगाणिस्तानातील तळांवर कचरा जाळण्याच्या खड्ड्यांच्या धुरामुळे होणाऱ्या श्वसनविकारांना २०२२ च्या कायद्याने सेवाजन्य मानण्यात आले. त्यामुळे छातीच्या चित्रांची मागणी वाढणे क्रमप्राप्त होते.

श्राव्यातीत चित्रण : या पद्धतीत शोधकातील दाबविद्युत् घटक क्षणभर ध्वनिस्पंद सोडतो व उरलेला वेळ प्रतिध्वनी ऐकतो. मऊ ऊतकांत (समान रचना व कार्य असणाऱ्या पेशींच्या समूहांत) ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे १,५४० मी. असतो. प्रतिध्वनी परत येण्यास लागलेल्या काळावरून अंतर काढून पडद्यावर चित्र उमटविले जाते. पोटासाठी सामान्यतः २ ते ५ मेगॅहर्ट्‌झ (१ मेगॅहर्ट्‌झ = दर सेकंदास १० लक्ष कंपने) कंप्रतेचे तरंग वापरतात; त्वचेलगतच्या भागांसाठी याहून उच्च कंप्रता घेतात. तीमुळे तपशील वाढतो. पण खोली कमी होते. हाड व वायू यांमधून हा ध्वनी जात नाही. फासळ्यांमधील फटी व आतड्यांतील वायूच्या आजूबाजूचे मार्ग शोधत हात फिरवावा लागतो. क्ष-किरण चित्र एका क्षणात उमटते व ते कसे घेतले हे नंतर तपासता येते. श्राव्यातीत तपासणीत मात्र तंत्रज्ञाने शेकडो क्षणदृश्यांतून निवडून जतन केलेली थोडी चित्रेच वैद्यापुढे जातात. म्हणून येथे तंत्रज्ञाची जबाबदारी अधिक आहे, असे म्हणणे वावगे होणार नाही.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे उदरातील महारोहिणीच्या विस्फाराची तपासणी होय. पाठीच्या कण्यासमोरून जाणारी ही मुख्य रक्तवाहिनी सामान्यतः सुमारे २ सेंमी. रुंद असते. तिची भित्ती दुबळी होऊन रुंदी ३ सेंमी. झाली, की विस्फार झाला असे मानतात. बहुधा त्याची काहीच लक्षणे नसतात आणि फुटल्यास बहुसंख्य रुग्ण दगावतात. वाढते वय, पुरुष असणे व धूम्रपान ही त्याची प्रमुख कारणे होत. अमेरिकी सैन्याच्या शिध्यात १९७५ पर्यंत सिगारेटी दिल्या जात, हे लक्षात घेतले म्हणजे माजी सैनिकांत या तपासणीचे महत्त्व का आहे ते कळते. धूम्रपान केलेल्या ६५ ते ७५ वर्षे वयाच्या पुरुषांची एकदा तरी अशी तपासणी करावी, अशी शिफारस तेथे २००५ पासून आहे. माजी सैनिक रुग्णालयांनी या विषयावर फार मोठे संशोधन केले. सव्वा लाखाहून अधिक माजी सैनिकांची श्राव्यातीत तपासणी करण्यात आली. विस्फाराची रुंदी ४ ते ५.४ सेंमी. असलेल्या १,१३६ रुग्णांवर ताबडतोब शस्त्रक्रिया करावी की नुसते लक्ष ठेवावे, याची तुलना करण्यात आली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार लवकर शस्त्रक्रिया केल्याने आयुर्मान वाढत नाही. पुरुषांत ५.५ सेंमी. ही शस्त्रक्रियेचा विचार करण्याची मर्यादा रूढ होण्यास या संशोधनाचा मोठा आधार मिळाला.

अर्थात ही मर्यादा मोजणाऱ्याच्या हाताइतकीच विश्वसनीय आहे. रोहिणी वयोमानाने वाकडीतिकडी होते. तिच्या अक्षाशी काटकोनात छेद न घेता तिरपा घेतल्यास गोल छेद लांबट होतो व रुंदी अधिक भरते. भित्तीची बाहेरची कड धरली की आतली, यानेही काही मिमी.चा फरक पडतो. गुठळीने आतील पोकळी भरलेली असल्यास केवळ वाहत्या रक्ताची रुंदी मोजून विस्फार लहान समजण्याची चूक होऊ शकते. ५.२ आणि ५.६ यांतील फरक पडद्यावर नखाच्या टोकाएवढाही नसतो. पण एका आकड्याने रुग्ण सहा महिन्यांनी पुन्हा येण्यास सांगून घरी जातो आणि दुसऱ्याने शल्यचिकित्सकाकडे. म्हणून सावध तंत्रज्ञ मागील वेळी कोणत्या छेदात मोजले होते ते आधी पाहतो, तोच छेद पुन्हा साधतो आणि वायूमुळे नीट दिसले नसल्यास तसे स्पष्ट लिहितो. नीट न दिसलेल्या गोष्टीचा नेमका आकडा देणे हा या व्यवसायातील मोठा दोष समजला जातो.

पायाच्या खोल नीलांतील रक्ताची गुठळी शोधण्याची रीत याहून सोपी आहे. शोधकाने दाबल्यावर निरोगी नीला पूर्ण मिटते. गुठळी असल्यास मिटत नाही. व्हिएटनाममध्ये १९६२ ते १९७१ या काळात फवारलेल्या ‘एजंट ऑरेंज’ या पर्णनाशकाशी संपर्क आलेल्या सैनिकांतील मधुमेह सेवाजन्य मानला जात असल्याने त्यांच्या पायांतील व मानेतील रोहिणींच्या तपासण्या पुष्कळ होतात. यकृतशोथ-सी झालेल्या हजारो माजी सैनिकांना २०१४ नंतरच्या नव्या औषधांनी तो विषाणू घालविता आला. परंतु ज्यांच्या यकृताचे आधीच काठिण्य झाले आहे त्यांना कर्करोगाच्या भीतीने दर सहा महिन्यांनी श्राव्यातीत तपासणी करावी लागते. मेरुरज्जू-इजाग्रस्तांचे मूत्राशय नीट रिकामे होत नसल्याने वृक्कांवर (मूत्रपिंडांवर) ताण येतो. त्यांच्या वृक्कांची ठराविक काळाने पाहणी होते. असे रुग्ण व तंत्रज्ञ वर्षानुवर्षे एकमेकांस ओळखत असतात.

रुग्णाशी वर्तन : श्राव्यातीत तपासणीची खोली अंधारी व दार लावलेले असते, रुग्ण आडवा असतो व अपरिचित व्यक्ती त्याच्या अंगास स्पर्श करते. मानसिक आघाताच्या दीर्घकालीन परिणामांना अमेरिकी मानसोपचार संघटनेने १९८० मध्ये स्वतंत्र विकार म्हणून मान्यता दिली, आणि त्यात व्हिएटनाममधून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवाचा वाटा मोठा होता. अशा रुग्णास मागून येऊन हात लावू नये, काय करणार ते आधी सांगावे, दाराकडे पाठ होणार नाही असे निजवावे, हवा असल्यास दिवा चालू ठेवावा, हे संकेत तेथील तंत्रज्ञ पाळतात. सेवेत लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रियांच्या व पुरुषांच्या बाबतीत याहूनही अधिक काळजी घ्यावी लागते. ओटीपोटाच्या अंतर्गत तपासणीस रुग्णाने नकार दिल्यास तो मानलाच पाहिजे. १९४५ ते १९६२ या काळातील अणुस्फोट-चाचण्यांच्या वेळी हजर असलेले सैनिक क्ष-किरणांसमोर उभे राहण्यास कधी कधी कचरत. त्यांच्यातील काही कर्करोगांना १९८८ च्या कायद्याने सेवाजन्य मानले आहे, तेव्हा ही भीती अडाणीपणाची म्हणता येणार नाही. छातीच्या एका चित्रातून मिळणारी प्रारणमात्रा ०.१ मिलिसीव्हर्ट किंवा त्याहून कमी असते आणि निसर्गातून वर्षाला जगात सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मात्रा मिळते, एवढे समजावून सांगण्यास दोन मिनिटे पुरतात.

‘काय दिसले?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक रुग्ण विचारतो. निदान सांगणे तंत्रज्ञाच्या अधिकाराबाहेर आहे. व्यवसायाच्या आचारसंहितेत तसे स्पष्ट म्हटले आहे. त्यामागे कारणही आहे. तंत्रज्ञाला आकृती दिसते, पण रक्ततपासण्या, पूर्वेतिहास व इतर चित्रे यांच्याशी तिचा मेळ घालण्याचे शिक्षण त्याला मिळालेले नसते. आणि ‘सर्व ठीक आहे’ हे चुकीचे आश्वासन ‘गाठ आहे’ या चुकीच्या भयाइतकेच घातक ठरते. तथापि मौन ही सोपी गोष्ट नाही. यकृताच्या एकाच जागी शोधक पुन्हापुन्हा थांबला, बोलणे बंद झाले, की रुग्ण त्यावरून काय ते ताडतो. म्हणून तपासणीच्या आरंभीच ‘मी बराच वेळ गप्प राहीन, मोजमापे घेईन, निकाल वैद्य सांगतील व तो अमक्या दिवशी मिळेल’ असे सांगून ठेवण्याची पद्धत चांगली समजतात. तातडीच्या बाबतीत मौनाचा नियम तंत्रज्ञाला निष्क्रिय राहू देत नाही. फुटू पाहणारा विस्फार, पायातील ताजी गुठळी किंवा छातीत साठलेली हवा दिसल्यास त्याने रुग्णास न हलविता लगेच वैद्यास कळवावे आणि कोणास, केव्हा कळविले हे लिहून ठेवावे, अशी अपेक्षा असते.

शिक्षण व व्यावसायिक धोके : क्ष-किरण तंत्रज्ञाचे शिक्षण सामान्यतः दोन वर्षांचे असते, २०१५ पासून राष्ट्रीय नोंदणीसाठी किमान सहयोगी पदवी आवश्यक आहे व दर दोन वर्षांनी पुनःशिक्षणाची अट पुरी करावी लागते. श्राव्यातीत चित्रणाची परीक्षा वेगळी असते. दोन्ही उत्तीर्ण झालेल्या व्यक्तीस लहान रुग्णालयांत विशेष मागणी असते. लष्करातच तंत्रज्ञ म्हणून काम केलेले काही जण निवृत्तीनंतर या रुग्णालयांत येतात. सेवेची परिभाषा त्यांना ठाऊक असल्याने रुग्णाशी त्यांचे लवकर जमते. क्ष-किरण विभागातील कर्मचाऱ्याने अंगावर प्रारणमापक बिल्ला लावावयाचा असतो. अमेरिकेत त्याची वार्षिक मर्यादा ५० मिलिसीव्हर्ट आहे. रुग्णाच्या जननेंद्रियांवर शिशाचे आच्छादन ठेवण्याची दीर्घकाळची रीत २०१९ नंतर अनावश्यक ठरवून सोडून देण्यात येऊ लागली. कारण तिचा लाभ नगण्य असून आच्छादन सरकल्यास चित्र पुन्हा घ्यावे लागते. श्राव्यातीत चित्रणात प्रारणाचा धोका नाही. परंतु हात लांबवून, मनगट वाकवून, तासन्‌तास दाब देत राहिल्याने खांदा, मान व मनगट यांचे विकार जडतात. दहांपैकी सुमारे आठ तंत्रज्ञ वेदना सोसून काम करतात, असे तेथील पाहण्यांत आढळले आहे. रुग्ण स्थूल असल्यास हा ताण वाढतो.

भारत : भारतात माजी सैनिकांसाठी अशा रुग्णालयांची स्वतंत्र साखळी नाही. लष्करी रुग्णालयांखेरीज १ एप्रिल २००३ पासून सुरू झालेल्या अंशदायी आरोग्य योजनेची चिकित्सालये व तिच्याशी जोडलेली खाजगी रुग्णालये यांमार्फत त्यांना उपचार मिळतात. क्ष-किरण यंत्रांवर १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण असून कर्मचाऱ्यांसाठी प्रारणमात्रेची मर्यादा अमेरिकेपेक्षा कडक, म्हणजे पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आहे. श्राव्यातीत चित्रणाची स्थिती मात्र मूलतः वेगळी आहे. या यंत्राचा गर्भलिंग-निदानासाठी होणारा दुरुपयोग रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात प्रथम कायदा केला व १९९४ मध्ये केंद्रीय कायदा झाला. त्याखालील नियमांमुळे हे यंत्र विहित पात्रतेच्या वैद्यानेच हाताळावयाचे असते. स्वतः शोधक हाती घेऊन तपासणी करणारा तंत्रज्ञ हा अमेरिकेत सर्वत्र आढळणारा व्यवसाय भारतात त्यामुळे वाढला नाही. पुण्याजवळ खडकी येथे युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी १९१७ मध्ये स्थापन झालेली क्वीन मेरीज तंत्रसंस्था आणि कमरेखालील भाग लुळा पडलेल्या सैनिकांचे पुनर्वसन केंद्र आहे. अशा रुग्णांच्या हाडांचे क्ष-किरण चित्र तंत्रज्ञ घेतो, पण वृक्कांची श्राव्यातीत तपासणी वैद्य स्वतःच्या हाताने करतो व तेथल्या तेथे तिचा अर्थही लावतो. चित्रण-तंत्रज्ञांसह इतर सहायक आरोग्य-व्यवसायांचे शिक्षण व नोंदणी यांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापण्याचा कायदा २०२१ मध्ये संमत झाला.